कृष्णाकाठच्या सपाट वाटा

सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. पण ही उंची सायकलवर बसलेल्या माणसाला कधी जाणवत नाही, कारण आजूबाजूचा सारा मुलूखच त्या उंचीवर पसरलेला आहे. पूर्वेला मिरजेच्या पलीकडे दंडोबाचा डोंगर, उत्तरेला सागरेश्वरची रांग, पश्चिमेला फार दूरवर सह्याद्रीची निळसर कड, आणि मध्ये कृष्णा-वारणेने हजारो वर्षे गाळ आणून घडविलेले काळे मैदान. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २० मीटरच्या अंतराने समोच्च रेषा काढलेल्या असतात. कोकणच्या नकाशात या रेषा न विंचरलेल्या केसांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. सांगली-शिरोळच्या नकाशात एक रेषा सापडली, की दुसरी शोधण्यासाठी बोट बरेच दूर न्यावे लागते. साठी ओलांडलेल्या, गुडघ्यांची तक्रार असलेल्या, साध्या बिनगिअरच्या सायकलीवर समाधानी असलेल्या माणसासाठी याहून अनुकूल भूमी महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण.

तरीही सांगलीत पहाटे सायकल बाहेर काढणाऱ्यांची पहिली तक्रार असते ती रस्त्यांविषयीच. ती खोटी नाही. सपाट जमिनीला पाणी देणे सोपे, म्हणून या मैदानात उपसा योजना झाल्या. पाणी आले म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून साखर कारखाने आले. आणि कारखान्यांमागोमाग रुंद रस्ते, ट्रक, ट्रॅक्टर आणि ढाबे आले. कोल्हापूर, इस्लामपूर, तासगाव, पंढरपूर या सर्व दिशांना जाणारे मोठे रस्ते सपाट आहेत आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहेत. ज्या गुणामुळे रस्ता पायाला सोपा झाला, त्याच गुणामुळे तो कानाला आणि जिवाला अवघड झाला. सपाट रस्ता मागितला तर या भागात दहा मिळतात. सपाट आणि शांत असा मागितला, की मात्र शोध घ्यावा लागतो.

या शोधाला एक सूत्र आहे आणि ते नदीने घालून दिलेले आहे. उतार अगदी मंद असल्याने कृष्णा या पट्ट्यात सरळ वाहत नाही. ती मोठमोठी वळणे घेते. त्या वळणांच्या पोटात वसलेल्या गावांना तीन बाजूंनी पाणी असते आणि एकाच बाजूने रस्ता. ज्या रस्त्याने पुढे कुठेही जाता येत नाही, त्या रस्त्यावर ज्याला त्या गावातच जायचे आहे तेवढाच माणूस येतो. म्हणून नकाशावर मार्ग निवडताना दोन मोठ्या गावांना जोडणारी ठळक रेघ पाहू नये. नदीपाशी जाऊन संपणारी बारीक रेघ पाहावी. दोन नद्यांच्या मधला पट्टा त्याहून चांगला, कारण तेथे दोन्ही अंगांनी वाहतुकीला अटकाव असतो.

या सूत्राचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे हरिपूर. शहरापासून जेमतेम चार किलोमीटरवर कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचे प्राचीन देवालय, आणि तेथवर जाणारा, जुन्या चिंचांच्या सावलीचा म्हणून ओळखला जाणारा रस्ता. ‘संगीत शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल १८५५ मध्ये याच गावी जन्मले. हळदीच्या व्यापारामुळे सांगलीचे नाव देशभर झाले. त्या व्यापाराचे भूमिगत कोठार हरिपुरात होते. येथील विशिष्ट चिकण मातीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत, आणि ती वर्षानुवर्षे किडीविना टिके. २००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि ती व्यवस्था बहुतांशी मोडली. रस्त्याकडेच्या ज्या रिकाम्या जागेवरून सायकल सहज पुढे जाते, तिच्या पोटात कधीकाळी लाखो रुपयांची हळद निजलेली असे, याची कल्पना नव्या माणसाला येत नाही.

हरिपूरचा रस्ता अनेक पिढ्या घाटाच्या पायऱ्यांशी संपत होता. पलीकडच्या कोथळीला जायचे तर नाव. सायकल नावेत आडवी घालून पैलतीरी नेता येत असे; मोटारीला ती सोय नव्हती, आणि म्हणूनच रस्ता शांत होता. अलीकडच्या काही वर्षांत हरिपूर आणि कोथळी यांच्या मध्ये पूल झाला. आता कोथळी-उमळवाडकडची वाहने याच वाटेने सांगलीत येतात, आणि सांगलीतून जयसिंगपूरला निघालेल्यालाही ही एक वाट झाली आहे. पहाटे सहापर्यंत हरिपूर अजूनही पूर्वीचेच आहे. आठनंतर ते दोन जिल्ह्यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे गाव होते. हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण संगमावर उभे राहून ही हळहळ व्यक्त करणाऱ्याने कोथळीच्या बाजूने विचार करून पाहावा. आजारी माणसाला सांगलीच्या दवाखान्यात नेण्यासाठी किंवा मुलाला महाविद्यालयात पोहोचण्यासाठी त्या गावाला आधी अंकलीच्या पुलाचा वळसा होता, नाहीतर नावाड्याची मर्जी आणि नदीची पातळी. शहरातील माणसाच्या सकाळच्या तासाभराच्या शांततेची किंमत पलीकडचा माणूस वर्षभर मोजत होता. जमाखर्च मांडायचाच, तर तो दोन्ही काठांचा मांडला पाहिजे.

सध्या सांगलीकरांसाठी खऱ्या अर्थाने उपयोगाची वाट आहे ती आयर्विन पुलापलीकडची. १९२९ साली खुला झालेला हा पूल सांगलीची ओळख आहे आणि पावसाळ्यात तो मोजपट्टीही होतो. पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका, हे आकडे या शहरातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पूल ओलांडून सांगलीवाडीत उतरले, की इस्लामपूरचा वाहता रस्ता उजव्या हाताला सोडून समडोळीची वाट धरावी. येथून पुढे समडोळी, कवठेपिरान, दुधगाव ही गावे कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या चिंचोळ्या दुआबात एकापाठोपाठ येतात. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या आसपास अंतर होते. सबंध वाटेत पायडलवर उभे राहावे लागेल असा चढ नाही.

या गावांना आपापला मान आहे. १९२४ मध्ये शांतिसागर महाराजांना आचार्यपद दिले गेले ते समडोळी येथे. कवठेपिरान हे हिंदकेसरी मारुती माने यांचे गाव; १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले होते. दुधगाव थेट वारणेच्या काठावर. पहाटे या वाटेवर जी वर्दळ असते ती दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्यांची, रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजून डोक्याला टॉवेल गुंडाळून परतणाऱ्यांची, आणि वैरणीचे भारे वाहणाऱ्या बायकांची. ‘कुठली म्हणायची पाव्हणं?’ असा प्रश्न ठिकठिकाणी येतो. त्याला थांबून उत्तर देणे हा या रस्त्याचा अलिखित टोल समजावा. नदीकाठच्या मळीच्या जमिनीतील वांगी या भागाचे भूषण आहे. हिवाळ्यात बांधावरून तोडून घेतलेली वांगी पिशवीत घालून हँडलला अडकविलेली सायकल परतीच्या वाटेवर हमखास दिसते.

मात्र या वाटेचे वेळापत्रक पंचांगावर चालत नाही. ते साखर कारखान्याच्या गाळप हंगामावर चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला, की मार्चपर्यंत हेच शांत रस्ते दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांचे होतात. ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांचा आवाज फर्लांगभर आधी येतो, हा त्यातल्या त्यात फायदाच. पण वळणावर दुसरी ट्रॉली किती आत येईल याचा अंदाज चालकालाही नसतो. तोडणीपूर्वीचा ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो, त्यामुळे वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. तोड झाली की तेच वळण तळहातासारखे उघडे पडते. ओल्या शेतातून निघालेली चाके डांबरावर काळ्या चिखलाचा थर सोडून जातात. तो सुकल्यावर निरुपद्रवी असतो आणि दव पडल्यावर साबणासारखा. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या पाल्यावरून चाक घसरते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

याचा अर्थ हंगामात सायकल बंद ठेवावी असा नाही. वेळ सांभाळावी, एवढाच. उजाडण्यापूर्वी मुळीच निघू नये, कारण मागील बाजूस दिवा किंवा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात रस्त्याचाच भाग वाटते. उजाडल्यानंतरचा तास-दीड तास उत्तम. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी मात्र रस्ता मुलांसाठी मोकळा सोडावा. या मैदानावर सायकलीचा खरा वापर आजही शाळकरी मुलीच करतात. वाडीवस्तीवरून निघालेल्या तिघी-चौघी, दप्तर कॅरिअरला लावलेले, एकमेकींशी बोलत समांतर चाललेल्या. आणि मागून वीस टन ऊस. रस्ता रुंद करताना डांबराची कड आणि बाजूची माती यांच्यात वीतभर पायरी पडते, मुरमाची साइडपट्टी भरायची राहून जाते, आणि ट्रॉलीला वाट देण्यासाठी खाली उतरणारे चाक त्या पायरीवर मुरगळते. हौशी सायकलस्वाराने एखादा रस्ता टाळला तर त्याचे काही अडत नाही. त्या मुलींना दुसरा रस्ता नसतो. साइडपट्टी भरणे आणि प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक लावणे ही दोन कामे एवढ्या मोठ्या उलाढालीच्या व्यवसायात खर्चाची म्हणता येणार नाहीत.

सपाट मुलखात चढ वाऱ्याचा असतो, हा अनुभव दुधगावच्या वाटेवर चांगला येतो. उन्हाळा सरत आला की दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो. सकाळी वारा पडलेला असताना पश्चिमेकडे जावे आणि तो उठू लागला की पाठीवर घेऊन सांगलीकडे परतावे, असा क्रम ठेवला तर श्रम निम्म्यावर येतात. उलट क्रम धरणाऱ्याला डोंगर नसलेल्या प्रदेशात घाट चढल्याचे श्रम पडतात. दुसरी अडचण काट्यांची. नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीचे काटे टायरातून आरपार जातात. पंक्चरचे सामान आणि हातपंप बरोबर नसेल, तर सायकल ढकलत किती लांब जावे लागेल हे त्या दिवशीच्या दैवावर अवलंबून.

शांत वाटांची माहिती कुणाला विचारावी, याचे एक उत्तर या भागात सहज मिळते. मुनिसंघाच्या विहाराची व्यवस्था पाहणारे गावोगावचे श्रावक आडवाटांचे उत्तम जाणकार असतात. साधूंना अनवाणी, सूर्योदयानंतर, रहदारी टाळून आणि जीवजंतू सांभाळून जायचे असते. त्यामुळे कोणत्या पाणंदीचे खडीकरण झाले आहे, कोणत्या ओढ्यावरचा पूल फुटला आहे, कोठे सावली आहे आणि कोठे पाणी गाळून मिळेल, याची ताजी नोंद त्यांच्यापाशी असते. पायी चालणाऱ्याला जी वाट मानवते ती सायकलीला बहुधा मानवतेच. नकाशातील रेघ रस्ता आहे एवढेच सांगते. त्यावर पहाटे कोण असते, हे तेथून चाललेला माणूसच सांगू शकतो.

उत्तरेकडची वाट पद्माळे, कर्नाळ, नांद्रे या गावांवरून जाते. साखर कारखाना आणि माधवनगरची कापड गिरणी भरात असताना पाळीच्या कामगारांच्या सायकली या दिशेच्या रस्त्यांवर रांगेने धावत. आता त्या जागी मोटारसायकली आहेत. नांद्र्यापुढे कृष्णा-येरळेच्या संगमावरचे ब्रह्मनाळ, आणि आणखी पुढे गेले की भिलवडी. तेथे पूल ओलांडून अंकलखोपमार्गे औदुंबरला जाता येते. दत्तस्थानाचा घाट, पैलतीरावर भुवनेश्वरीचे देऊळ, मध्ये संथ पाणी. संक्रांतीला येथे भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे हे नाव वाचकांना परिचित आहे. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या वर अंतर होते. पहिल्याच दिवशी ते अंगावर घेण्याचे कारण नाही. पौर्णिमा आणि गुरुवार टाळले तर घाटावर बसायला हवी तेवढी जागा मिळते.

दक्षिणेकडे मात्र पूर्ण दिवस राखून ठेवावा. मिरजेच्या कृष्णाघाटावरून अर्जुनवाडच्या पुलाने शिरोळ तालुक्यात प्रवेश केला, की मैदान अधिकच सखल होते. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. पावसाळ्यात पाणी चढू लागले, की ते मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी गर्दी लोटते. जमीन किती सपाट आहे याचे याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण. इतर गावांना पूर ही बातमी असते. या तालुक्यात तो पंचांगातला एक दिवस आहे. वाडीची कवठाची बर्फी बरोबर घेऊन पंचगंगा ओलांडावी, कुरुंदवाड मागे टाकावे आणि अकिवाट, सैनिक टाकळीच्या दिशेने लागावे.

येथून पुढचा मुलूख पाहताना मन थोडे जड होते. उसाच्या हिरव्या पट्ट्यांच्या मधेच पांढरट, ओसाड तुकडे दिसू लागतात. दुरून ते चुना सांडल्यासारखे भासतात. जवळून पाहिले की मिठाची साय. अनेक वर्षे भरपूर पाणी पाजल्याने आणि सपाटीमुळे त्याचा निचरा न झाल्याने क्षार वर येऊन नापीक झालेली ही जमीन आहे. सायकलस्वार ज्या सपाटीचे कौतुक करतो, तीच शेतकऱ्याच्या मुळावर आलेली आहे. काही गावांतील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरल्या, साचलेले पाणी बाहेर काढून दिले आणि असे तुकडे पुन्हा लागवडीखाली आणले. पांढऱ्या रानाशेजारी एखादे पुन्हा हिरवे झालेले रान दिसले, तर तेथे क्षणभर थांबून बांधावरच्या माणसाला त्याची हकीकत विचारावी. तो आनंदाने सांगतो.

याच वाटेवरच्या घरांच्या भिंतींवर दारापेक्षा वर एक मातकट रेघ दिसते. ती २०१९ ची. काही घरांवर तिच्या खाली आणखी एक पुसट रेघ असते, ती २००५ ची. रंग दिला तरी ओल धरून ती पुन्हा उमटते. वळणाच्या पोटातील गावे शांत का, याचे दुसरे उत्तर या रेघांमध्ये आहे: जेथे दर काही वर्षांनी पाणी घरात येते, तेथे कारखाना, गोदाम किंवा मंगल कार्यालय बांधायला बाहेरचा माणूस धजत नाही.

सैनिक टाकळीनंतर गावे विरळ होतात, रस्ता अरुंद होतो आणि समोरून येणाऱ्या वाहनांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहते. शेवटी खिद्रापूर येते. कृष्णेच्या वळणाने वेढलेले हे गाव महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. नदीपलीकडचे जुगुळ कर्नाटकात. येथील शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे आणि त्याच्या मध्यभागी छताऐवजी आकाशाचे वर्तुळ आहे. त्या वर्तुळाखालच्या गोल दगडी शिळेवर सकाळचे ऊन हळूहळू सरकत जाते. मंदिरापासून थोड्याच अंतरावर आदिनाथांचे प्राचीन जिनालय आहे. कोपेश्वर पाहून घाईने परतणाऱ्या गाड्यांतील बरेच लोक तेथवर पोहोचत नाहीत. सायकलवर आलेला माणूस पोहोचतो, कारण त्याला तसेही तासभर सावलीत बसणे भाग असते.

परतताना त्याच वाटेने न येता कनवाडवरून म्हैसाळला जावे असे अनेकांच्या मनात येते. कृष्णेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे अशा वेळी सायकलीचे पूल होतात. पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडविले जाते, बंधाऱ्याचा माथा कोरडा असतो आणि सायकल हातात धरून पलीकडे जाता येते. माथ्याची रुंदी बेताची, कठडा भरवशाचा नाही, आणि एका अंगाला तुडुंब फुगवटा तर दुसऱ्या अंगाला खळाळ. पावसाळ्यात हा माथा पाण्याखाली असतो. म्हणून खिद्रापूरहून निघण्यापूर्वी, बंधाऱ्यावरून माणसे जात आहेत काय, एवढी चौकशी मंदिरासमोरच्या चहाच्या टपरीवर करावी. नाही असे उत्तर आले तर आल्या वाटेने कुरुंदवाड, वाडी, अर्जुनवाड करीत मिरज गाठावी. उन्हे उतरण्यापूर्वी कृष्णाघाटाचा पूल मागे पडला पाहिजे, कारण त्यापुढे सांगलीपर्यंतचा रस्ता शांत राहिलेला नाही.